आजारातून उठलेल्या माणसाला घेऊन स्कॉटलंडची रेल्वे

घरातलं कुणी मोठ्या आजारातून उठलेलं असेल आणि ग्लासगो ते मालेग हा सुंदर रेल्वेमार्ग बघायचा असेल, तर तो एका दमात करू नका. प्रवास पाच तासांहून जास्त आहे. वाटेतल्या फोर्ट विल्यम गावी मुक्काम करा, ग्लेनफिननचा 21 कमानींचा पूल दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी बघा.

तिकिटासोबत 'पॅसेंजर असिस्ट' नक्की मागा. ही मदत मोफत असते आणि गाडीच्या दोन तास आधीपर्यंत सांगता येते. कर्मचारी रॅम्प लावतात, सामान चढवतात. चालता येतंय म्हणून संकोच करू नका. दमणं बाहेरून दिसत नाही.

डब्यात मात्र विचारूनच चढा. वाटेतल्या क्रियनलारिच स्टेशनवर काही गाड्या दुभागतात, अर्धी गाडी वेगळ्या मार्गाने ओबनला जाते. बसलेल्या पेशंटला ऐनवेळी उठवून पळवणं फार वाईट.

औषधं, डॉक्टरांचा कागद आणि थर्मासमधली मऊ खिचडी पायाशी ठेवलेल्या पिशवीतच हवी, वरच्या रॅकवर नको. रॅनॉक मूरच्या माळरानावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून औषधांच्या वेळा कागदावर लिहा. जागा शौचालयाजवळची घ्या, खिडकीची हौस त्यानंतर.