संघात नसलेल्या मुलांचा मास्तर: ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला डेव्हलपमेंट कोच

मी मेलबर्नला आलो ते स्पोर्ट्स सायन्सची मास्टर्स करायला, आणि डोक्यात फक्त क्रिकेट होतं. पहिल्याच हिवाळ्यात घराशेजारच्या मैदानावर पाहिलं तर पिचवर चिखल झालेला आणि त्यावर छत्तीस माणसं एका अंडाकृती चेंडूमागे धावतायत. ऑफसाइड नाही, चार खांबांचे गोल, चेंडू फेकायचा नाही पण मुठीने ठोसायचा. आज मी व्हीएफएल या राज्य पातळीवरच्या लीगमधल्या एका क्लबात अर्धवेळ डेव्हलपमेंट कोच आहे. आई अजूनही शेजाऱ्यांना सांगते, "तो रग्बी शिकवतो." मी आता दुरुस्त करत नाही.

गेल्या वर्षभरात इथे शिकायला आलेल्या तीन-चार मराठी मुलांनी विचारलं, की या खेळात आपल्याला काही काम मिळेल का. मिळेल. फक्त ते काम काय असतं ते नीट कळू द्या, कारण नावावरून काहीच कळत नाही.

एएफएल म्हणजे या खेळाची देशातली सगळ्यात वरची लीग, तिच्यात १८ क्लब आहेत. प्रत्येकाकडे चाळीसच्या वर करारबद्ध खेळाडू, आणि सामन्याच्या दिवशी संधी मिळते तेवीस जणांना. हेड कोचचा सगळा आठवडा त्या तेवीस जणांत जातो. बचाव, मिडफिल्ड, आक्रमण असे एकेक विभाग सांभाळणारे लाइन कोच असतात, त्यांचंही लक्ष पुढच्या सामन्यावर. मग उरलेल्या पोरांचं काय? अठरा-एकोणीस वर्षांची, नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) निवडलेली, दुखापतीतून उठलेली, किंवा दोन सामने वाईट गेले म्हणून खाली पाठवलेली. ती राज्याच्या लीगमध्ये खेळतात: मेलबर्नकडची व्हीएफएलमध्ये, अॅडलेडची एसएएनएफएलमध्ये, पर्थची डब्ल्यूएएफएलमध्ये. तिथे त्यांच्या मागे उभा असतो तो डेव्हलपमेंट कोच.

एक गोंधळ आधीच मिटवतो, कारण मीही मुलाखतीत त्यात सापडलो होतो. क्लबात 'प्लेअर डेव्हलपमेंट मॅनेजर' नावाचा वेगळा माणूस असतो. पर्थहून आलेल्या पोराला कुठल्या कुटुंबात ठेवायचं, त्याचं शिक्षण पुढे कसं चालवायचं, घरची आठवण येऊन जेवेनासा झाला तर कोणाशी बोलायचं, हे तो बघतो. डेव्हलपमेंट कोच बघतो खेळ. मुलाखतीत मी पाच मिनिटं मुलांच्या राहण्या-जेवणाच्या व्यवस्थेवर बोललो. समोरच्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग एकाने विचारलं, "आणि किक?"

तर किकबद्दल. या खेळातली मुख्य किक म्हणजे ड्रॉप पंट. चेंडू उभा धरायचा, ज्या पायाने मारायचं त्याच बाजूच्या हाताने तो खाली न्यायचा, दुसरा हात आधी सोडायचा, आणि पाऊल ताठ ठेवून चेंडूच्या खालच्या टोकावर मारायचं. बरोबर बसली तर चेंडू मागच्या मागे गिरक्या घेत सरळ जातो. लोक पाय बघतात. मीही पहिले सहा महिने पायच बघत होतो. खरी गोम असते त्या हात सुटण्यात. हात आणि पाय यांच्यामधल्या वीतभर अंतरात चेंडू कलला, की पाय कितीही सोन्याचा असो, किक वाकडी जाणार.

माझ्याकडे एक उंच, लाजाळू पोरगा आला होता. त्याच्या लांबच्या किका सगळ्या उजवीकडे वाहायच्या. व्हिडिओ सावकाश फिरवला तेव्हा दिसलं, की सोडताना त्याचं मनगट किंचित आत वळतं आणि चेंडूचं नाक तिरकं होतं. मग आम्ही किक मारणंच बंद केलं. त्याला नुसतं उभं राहून चेंडू जमिनीवर सोडायला सांगितलं. अंडाकृती चेंडू टोकावर सरळ पडला तर उसळून हातात परत येतो. जरा कलला तर कुठेही पळतो. पन्नास वेळा सोड, किती परत आले ते मोज. पहिल्या दिवशी अकरा आले. ज्याने नेट्समध्ये सीम सरळ ठेवायला शिकवलंय त्याला हे नवं वाटणार नाही. बोटं चेंडूवर कशी आहेत तेच तर आपण बघतो. क्रिकेट कोचिंगचा या कामात झालेला सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे हा.

(तसंही हा खेळ क्रिकेटवाल्यांनीच जन्माला घातला. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये पत्र लिहून सुचवलं, की हिवाळ्यात क्रिकेटपटूंनी आळसावण्यापेक्षा एक फुटबॉल क्लब काढावा. पुढच्या वर्षी मे महिन्यात नियम लिहिले गेले. मैदान अंडाकृती आणि आकार ज्याचा त्याचा, ते त्यामुळेच.)

आता माझी चूक. त्या पोराचं मनगट मला दिसलं जून महिन्यात, ऐन हंगामात, आणि दिवस गुरुवार. मी उत्साहाच्या भरात तिथल्या तिथे दुरुस्ती सुरू केली. शनिवारी त्याला गोलासमोर तीस मीटरवरून निवांत किक मिळाली. एरवी डोळे मिटून मारली असती. तो थांबला, हाताकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि चेंडू थेट सीमारेषेबाहेर. उरलेल्या सामन्यात तो किक मारायलाच घाबरत होता, मिळेल तो चेंडू मुठीने शेजाऱ्याकडे ढकलत होता. सोमवारी वरच्या कोचने मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, "नोव्हेंबर कशाला असतो?"

नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणजे हंगामपूर्व सराव. तंत्र मोडायचं आणि परत बांधायचं ते त्या चार महिन्यांत. हंगाम सुरू झाला की मुलाला फक्त एखादं छोटं वाक्य द्यायचं, तेही मंगळवारपर्यंत. तुम्हाला चूक दिसली म्हणून ती आजच सांगितली पाहिजे असं नाही. हे वाचून पटतं, पण तोंड बंद ठेवणं फार अवघड असतं, विशेषतः आपल्याला, कारण आपल्याकडे न बोलणारा मास्तर कामचुकार समजला जातो.

व्हिडिओचंही तसंच. सामन्यानंतर त्या मुलाचे सगळे प्रसंग कापून लॅपटॉपवर ठेवायचे, पण दाखवायचे तीन. आधी त्याला बोलू द्यायचं. इथली मुलं "या, नाह" (yeah, nah) म्हणून सुरुवात करतात. त्याचा अर्थ हो की नाही ते तिसऱ्या वाक्यात कळतं, तोपर्यंत धीर धरा. आणि तुम्हाला कोणी सर म्हणणार नाही. माझ्या नावाची दोन अक्षरं उरलीत, त्यालाही हाक मारताना शेवटी 'ओ' जोडतात.

या कामाचं मोल बघायचं असेल तर परक्या खेळांतून आलेले खेळाडू बघा. जिम स्टाइन्स डब्लिनहून १९८४ मध्ये मेलबर्न क्लबात आला तो गोल चेंडूचा गेलिक फुटबॉल खेळून. वरच्या संघात पदार्पण १९८७ मध्ये. मधली वर्षं अंडाकृती चेंडूशी झटापट. त्याच वर्षी प्रिलिमिनरी फायनलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या आधीच्या फेरीच्या, शेवटच्या क्षणी हॉथॉर्नचा खेळाडू किक घेत असताना स्टाइन्स मधून धावला, दंड म्हणून हॉथॉर्नला किक पंधरा मीटर पुढून मिळाली, आणि वेळ संपल्याच्या सायरननंतरच्या त्या किकवर मेलबर्न हरलं. अजाणतेपणी झालेली चूक, पण सगळ्या शहरादेखत. १९९१ मध्ये त्यालाच हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो मेडल मिळालं आणि सलग २४४ सामने खेळण्याचा विक्रमही २०२५ पर्यंत त्याच्याच नावावर होता. अलीकडचा म्हणजे मेसन कॉक्स, टेक्सासचा २११ सेंटिमीटर उंचीचा बास्केटबॉल खेळाडू. २०१६ च्या अँझॅक डेला (युद्धात पडलेल्या सैनिकांचा स्मरणदिन) कॉलिंगवूड क्लबाकडून पदार्पण, आणि पहिल्याच किकवर गोल. २०२३ च्या विजेत्या संघातही तो होता. प्रौढ माणसाला पहिल्यापासून किक शिकवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच विचारा.

पैशांचं स्पष्ट बोलतो. क्लबांनी फुटबॉल विभागावर किती खर्च करावा याला मर्यादा आहे, तिला सॉफ्ट कॅप म्हणतात. कोविडनंतर २०२१ साठी ती सुमारे ९७ लाख डॉलरवरून सुमारे ६२ लाखांवर आणली. क्लबांनी माणसं कमी केली तेव्हा डेव्हलपमेंट कोचही घरी गेले. हेड कोचला कोणी कमी करत नाही आणि शनिवारी जिंकायचं तर लाइन कोच लागतोच, मग कात्री कुठे लागणार? मी स्वतः आठवड्याचे चार दिवस एका शाळेत शिकवतो, म्हणून घरभाडं निघतं. व्हीएफएलच्या मानधनात बूट आणि पेट्रोल.

वाट अशी. वस्तीतल्या ज्युनियर क्लबात जा, त्यांना माणसं कायम कमी पडतात. व्हिक्टोरियात मुलांसोबत काम करायला 'वर्किंग विथ चिल्ड्रन चेक' लागतो. स्वयंसेवकांना तो फुकट असतो, तो पहिल्या आठवड्यातच काढा. मग एएफएलचा पायाभूत कोचिंग कोर्स. तिथून अठरा वर्षांखालच्यांची कोट्स टॅलेंट लीग, मग व्हीएफएल. मुलींनी एएफएलडब्ल्यूकडे, म्हणजे महिलांच्या एएफएलकडे, जरूर बघावं. ती लीग २०१७ मध्ये सुरू झाली आणि आता सगळ्या १८ क्लबांचे संघ त्यात आहेत. स्टुडंट व्हिसावर असाल तर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा विसरू नका.

सुरुवातीला कोचिंग कोणी देणार नाही. कॅमेरा देतील. मी दोन हंगाम गोलामागच्या मचाणावर उभा राहून चित्रीकरण केलं, जुलैच्या पावसात, ट्रायपॉडला मिठी मारून. ते टाळू नका. वरून दिसतं की चेंडू नसलेला खेळाडू काय करतोय, आणि सामन्यातला बहुतेक वेळ खेळाडूकडे चेंडू नसतोच.

त्या लाजाळू पोराचं विचाराल तर पुढच्या नोव्हेंबरात आम्ही मनगट पुन्हा हातात घेतलं. फेब्रुवारीपर्यंत पन्नासातले त्रेचाळीस चेंडू परत येऊ लागले. वरच्या संघातून त्याला एक सामना मिळाला आणि ऑक्टोबरात करार संपला. किट परत करायला आला तेव्हा म्हणाला, गावाकडच्या क्लबात खेळतोय, तिथल्या बारा वर्षांच्या मुलांना शिकवायचंय, ते चेंडू सोडण्याचं नक्की कसं सांगायचं? पार्किंगमध्येच उभे राहून आम्ही अर्धा तास डांबरावर चेंडू सोडत होतो. डांबरावर जरा जास्तच उसळतो.