पर्जन्यमापकाला लोजबान शब्द कसा घडवायचा

पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेतलं कुठलंही उपकरण घ्या; लोजबानमध्ये, म्हणजे तर्कशास्त्रावर बेतलेल्या कृत्रिम भाषेत, त्याला नाव शोधण्याआधी व्याख्या लिहा. लोजबानच्या प्रत्येक क्रियाशब्दाला क्रमांक दिलेल्या जागा असतात. शाळेतली कारकं आठवा, फक्त इथे विभक्तीऐवजी क्रमाने ठरतं की कोण कर्ता आणि कुठलं अधिकरण. या जागा चुकल्या तर नाव कितीही देखणं असो, शब्द निरुपयोगी.

मूळ शब्द, म्हणजे गिस्मु, साधारण १३५० आहेत. नवा गिस्मु करू नका. आहेत तेच जोडा. आपल्याला तीन लागतील. ‘शार्वि’: १ हे २ वर ३ मधून बरसतं. ‘मेर्लि’: १ हा २ ला ३ इतकं, ४ या मोजपट्टीवर, ५ इतक्या अचूकतेने मोजतो. ‘तुत्शि’: १ हे २ या कामाचं साधन. (इथल्या ‘श’साठी रोमन लिपीत ‘सी’ लिहितात.)

नुसतं ‘शार्वि’ आणि ‘तुत्शि’ जोडलं तर पावसाचं साधन, आणि मग छत्रीसुद्धा त्यातच आली. म्हणून मध्ये ‘मेर्लि’ हवा. शेवटचा घटक वस्तू कोणत्या जातीची ते सांगतो, आधीचे तिला नेमकेपणा देतात.

जोडताना प्रत्येक गिस्मुचं लघुरूप घ्यायचं: शाव, म्रे, त्शि. झालं ‘शाव्म्रेत्शि’. छत्रीवाला जोड मात्र सरळ जुळत नाही. ‘व’ घोष (उच्चारताना कंठ कंप पावतो), ‘त’ अघोष (कंप नाही), आणि असे दोन शेजारी चालत नाहीत. मध्ये ‘अ’ घालून ‘शावअत्शि’ करावं लागतं. मराठी कानाला हा ‘अ’ सहज निसटतो, पण रोमनमध्ये तो ‘वाय’ म्हणून लिहावाच लागतो. ‘म’ला या नियमातून सूट आहे, म्हणून ‘शाव्म्रेत्शि’त ‘अ’ लागला नाही.

आता खरं काम. तिन्ही गिस्मुंच्या मिळून दहा जागा होतात. जे बरसतं तेच मोजलं जातं, म्हणून त्या दोन जागांची एक करा. साधनाचं काम म्हणजे मोजणंच, ती जागा गळाली. मोजणाराही नको, कारण स्वयंचलित पर्जन्यमापकाजवळ माणूस नसतो. ढग काढा. अचूकता हवी तेव्हा वाक्यात वेगळी जोडता येते, तीही काढा. उरल्या पाच: उपकरण, बरसणारा पदार्थ, किती, कोणत्या मोजपट्टीवर, कुठे. दुसऱ्या जागेत ‘पाणी’ लिहू नका. उन्हाळी वळिवात गाराही पडतात.

मग चाचणी: ‘या पर्जन्यमापकाने शिवाजीनगरचा पाऊस २० मिलिमीटर मोजला’ हे वाक्य लोजबानमध्ये करून पाहा. अशा पाच-सहा वाक्यांत एखादी जागा कायम रिकामीच राहिली तर ती व्याख्येतून काढा. शब्दकोशात हाच शब्द आधीपासून वेगळ्या अर्थाने नाही ना, हेही बघा.

खडकांच्या आणि वनस्पतींच्या नावांना मात्र जोडशब्द पुरत नाही. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टला ‘काळा कठीण दगड’ म्हटलं तर गॅब्रो हा वेगळा खडकही त्यात बसतो. तिथे शब्द उसना घ्यायचा, पण वर्गाची खूण पुढे लावून: ‘रोक्शि’ म्हणजे खडक, त्याचा अंत्य स्वर काढा, ‘र’ जोडा, मग नाव: ‘रोक्श्र्बासाल्ति’. शेवटी स्वर हवाच. नाव ‘र’ने सुरू होत असेल, जसं रायोलाइट, तर जोडाक्षर ‘र’ऐवजी ‘न’. खूण गाळली तर उसना शब्द भलतीकडे तुटण्याचा किंवा दुसऱ्याच शब्दासारखा वाचला जाण्याचा धोका असतो. ‘रोक्शि’ची दुसरी जागा खडकाच्या प्रकाराची, बेसॉल्ट म्हटल्यावर तो प्रकार ठरलेलाच असतो, तेव्हा ती जागा वगळा आणि खडक कुठला एवढीच ठेवा.