मोसंबीच्या सालींचं बायोएन्झाइम: कसं करायचं, कुठे वापरायचं आणि कुठे अजिबात नाही

बायोएन्झाइम म्हणजे फळांची सालं गूळ-पाण्यात तीन महिने आंबवून केलेलं साफसफाईचं पाणी. त्यासाठी सालं विकत आणायची गरजच नाही, कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, तो पिशवी भरून देतो, उलट त्याचा कचरा कमी होतो. मोसंबी, संत्री, लिंबू यातलं काहीही चालेल. सडलेली किंवा बुरशी लागलेली तेवढी बाजूला काढा. आंबा, केळं, पपईची सालंही टाकता येतात पण वास मग जरा विचित्र येतो, लिंबूवर्गीय सालांचा वास छान राहतो आणि त्यातलं तेल तेलकटपणा काढायला कामी येतं.

प्रमाण एकच लक्षात ठेवा: १ भाग गूळ, ३ भाग सालं, १० भाग पाणी, सगळं वजनाने. थायलंडच्या डॉ. रोझुकॉन पूमपानवोंग यांच्या नावाने हे प्रमाण जगभर ओळखलं जातं. ५ लिटरचा कॅन असेल तर ३०० ग्रॅम गूळ, ९०० ग्रॅम सालं, ३ लिटर पाणी. वर जागा रिकामी राहते ती राहूदे, तिथे फेस येतो. गूळ पिवळाधमक भारीतला कशाला, काळपट स्वस्तातला आणा, काकवी मिळाली तरी उत्तम.

कॅन प्लास्टिकचाच घ्या, काच नको म्हणजे नको. आत यीस्ट गूळ खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं, त्या गॅसने प्लास्टिक फुगतं, काच फुटते. गूळ आधी पाण्यात विरघळवा, मग बारीक चिरलेली सालं टाका (अख्खी टाकलीत तर नंतर कॅनच्या तोंडातून बाहेर काढताना रडाल), झाकण लावा आणि मार्करने तारीख लिहा. तारीख लिहाच, महिन्याभराने घरात कुणालाच आठवत नाही.

पहिला महिना रोज एकदा झाकण ढिलं करायचं, फुस्स करून गॅस गेला की परत घट्ट. पहिले पंधरा दिवस तर चुकवूच नका, उन्हाळ्यात कॅन एका रात्रीत ढोलासारखा टणक होतो. झाकण कायमचं ढिलं ठेवायचा शॉर्टकट मारू नका, चिलटं आत जाऊन अंडी घालतात, मग आत अळ्या. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा पुरे. एकूण ९० दिवस, सावलीत, फ्रीजबाहेर.

वासावरून सगळं कळतं. आधी गोड, मग दारूसारखा (पाहुणे आले की कॅन बाल्कनीत सरकवा), शेवटी व्हिनेगरसारखा आंबट. वर पांढरा पातळ थर आला तर घाबरू नका, हलवून खाली ढकला. काळी बुरशी आणि कुबट वास असेल तर मूठभर गूळ घालून हलवा, आठवडाभर थांबा, तरी सुधारलं नाही तर सरळ कंपोस्टमध्ये.

आता नावाचं. त्यात 'एन्झाइम' आहे म्हणून फार हुरळून जाऊ नका, साफसफाईचं बरंचसं काम त्यातली आम्लं आणि सालांचं तेल करतं. खरंखुरं काम करणारं एन्झाइम हवं असेल तर अननसाची ताजी सालं घ्या, थोड्या थंड पाण्यात मिक्सरमधून काढा, पंचातून गाळा, फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत वापरा. त्यात ब्रोमेलेन असतं, ते प्रोटीन तोडतं, मटणाला कच्ची पपई लावतो तेच तत्त्व. पटत नसेल तर साध्या जिलेटिनची जेली दोन वाट्यांत सेट करा, एकीवर हे पाणी चमचाभर, दुसरीवर तेच पाणी उकळून थंड केलेलं. पहिली काही वेळाने पातळ होते, दुसरी तशीच, कारण उष्णतेने एन्झाइम मरतं. चायना ग्रास वापरू नका, त्यात प्रोटीनच नसतं त्यामुळे काहीच होणार नाही.

मूळ मुद्द्यावर, तीन महिन्यांनी गाळायचं. जुनी ओढणी घ्या, चहासारखा रंग आलेलं पाणी बाटल्यांत भरा. फरशी पुसायला बादलीभर पाण्यात अर्धा कप. नळावरचे, बाथरूमच्या टाइल्सवरचे क्षारांचे पांढरे डाग असतील तर पाणी न घालता लावा, वीस मिनिटं ठेवा, घासा. भांड्यांसाठी रिठे रात्रभर भिजवून उकळून त्या पाण्यात मिसळा, पण लागेल तेवढंच, रिठ्याचं पाणी लवकर खराब होतं. झाडांना द्यायचं तर लिटरभर पाण्यात १ मिली, त्याहून जास्त नको.

पण संगमरवर, कोटा, शहाबादी आणि ओट्याचा कडप्पा यांच्यापासून हे लांब ठेवा!! हा सगळा चुनखडीच्या जातीचा दगड, आम्लाने खाल्ला जातो, चकाकी जाते आणि नंतर पॉलिशवाल्याला बोलवावं लागतं. जुन्या वाड्यांत, चाळींत शहाबादीच असते त्यामुळे 'सगळ्या फरश्यांना चालतं' असं कुणी सांगितलं तरी आधी आपली फरशी कसली ते बघा. व्हिट्रिफाइड टाइल्सना काही होत नाही. दुसरं म्हणजे ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरबरोबर कधीच मिसळायचं नाही, क्लोरीन गॅस तयार होतो. आणि हे पिऊ नका, काही लोक पितात म्हणे, कशाला?

गाळून उरलेला चोथा फेकू नका. त्यातला मूठभर पुढच्या कॅनमध्ये विरजणासारखा टाका, आंबणं लवकर सुरू होतं. बाकीचा मिक्सरमधून काढून टॉयलेट घासायला वापरा, नाहीतर कंपोस्टच्या बादलीत, पण तो आंबट असतो तेव्हा थोडा थोडा टाका आणि वरून सुकी पानं घाला.