अमेरिकन यादवीतली सैनिकांची पत्रं वाचताय? या चुका टाळा

पत्रांचा गठ्ठा हाती आला की पहिली चूक तिथंच होते: दोरी सोडायची, पत्रं तारखेनं लावायची, पाकिटं बाजूला टाकायची. मोडीचे रुमाल हाताळणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. आहे तो क्रम आधी टिपून घ्या. पाकिटावर तिकिटाऐवजी ‘सोल्जर्स लेटर’ असेल, तर तिकीट गळालं असं समजू नका. युनियनचा, म्हणजे उत्तरेचा, सैनिक तिकिटाविना पत्र धाडू शके, पैसे घरचे भरत. दक्षिणेतलं पाकीट आतूनही बघा. कागदाची इतकी चणचण होती की वापरलेली पाकिटं उलटी करून पुन्हा वापरत, वॉलपेपरचीसुद्धा बनवत.

चिकटपट्टी आणि लॅमिनेशन? नकोच.

तारखेत हमखास फसगत होते. ‘१० इन्स्ट.’ म्हणजे याच महिन्याची दहा, ‘अल्ट.’ म्हणजे गेल्या महिन्याची. जानेवारीतल्या पत्रावर सवयीनं जुनंच साल पडलेलं असू शकतं, तेव्हा मजकुरातल्या लढाईशी ताडून बघा. तिथंही गंमत आहे: १७ सप्टेंबर १८६२ च्या एकाच लढाईला उत्तरेकडचे अँटिएटम म्हणत, दक्षिणेकडचे शार्पसबर्ग. ‘हत्ती पाहिला’ असं वाचून सर्कस शोधू नका, तो लढाईचा पहिला अनुभव. आणि ‘कॉन्ट्राबँड’ म्हणजे दर वेळी चोरटा माल नव्हे. गुलामीतून निसटून युनियनच्या छावणीत आलेल्या माणसांनाही तेच म्हणत.

अक्षर बदललं म्हणून पत्र बनावट ठरवण्याची घाई तर मुळीच नको. जखमींची पत्रं दुसरेच लिहून देत. वॉशिंग्टनच्या इस्पितळांत कवी वॉल्ट व्हिटमननं हे काम केलं. स्पेलिंग मात्र सुधारू नका. चुकीच्या स्पेलिंगमध्ये त्या माणसाचा उच्चार ऐकू येतो, तो पुसून काय मिळवाल?

मला सगळ्यात खटकते ती ‘सेन्सॉरमुळे मोकळं लिहिलं नसेल’ ही समजूत. साध्या सैनिकांची पत्रं सहसा कुणी उघडत नसे, म्हणून ते ठिकाणं सांगतात, अधिकाऱ्यांना शिव्याही घालतात. युद्धकैद्यांची पत्रं मात्र तपासली जात. कैदेतलं ‘मी मजेत आहे’ जपूनच घ्यावं.

गठ्ठ्यातली मधलीच पत्रं गायब असतील तर ती हरवली असं लगेच धरू नका. निवृत्तिवेतन मागताना विधवा आणि आया नात्याचा पुरावा म्हणून मूळ पत्रंच जोडत. सैनिक युनियनचा असेल तर वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्‌जमधली त्याची पेन्शन फाइल मागवून बघा.