रिटायरमेंटचं घर नवीन घ्यायचं की रिसेल? बेळगावकरांनो, या चुका टाळा

टिळकवाडी, शहापूर, वडगाव, कुठंही जावा, विषय तोच. पोरं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, जुनं घर भावाभावांत अडकलेलं, गुडघे जिना चढू देत नाहीत, मग कुणीतरी सीनियर सिटिझन लोकांच्या वसाहतीचं ब्रोशर आणून टेबलावर ठेवतंय आणि पुढचे चार महिने घरात तीच चर्चा. तळेगाव बघू, कोइमतूर बघू, बेळगावच्या आसपास काय मिळतंय ते बघू. आणि तिथं जाऊन आपण पहिला प्रश्न काय विचारतो? स्क्वेअर फुटाचा रेट किती.

गडबड इथंच सुरू होते. अशा वसाहतीत तुम्ही अर्धे पैसे भिंतींना देता आणि अर्धे स्वयंपाकघर, नर्स, रात्रीची बेल, ॲम्ब्युलन्स, सिक्युरिटी यांना. नवीन स्कीममध्ये हा दुसरा अर्धा भाग नुसता कागदावर असतो. रिसेलमध्ये तो चालू असलेला डोळ्यांनी बघता येतो, पण कागदपत्रं गुंतलेली असतात. म्हणून दोन्हीकडच्या चुकापण वेगळ्या.

सॅम्पल फ्लॅट बघून भुलणं

सॅम्पल फ्लॅट म्हणजे लग्नातला नवरदेव, रोज काही तो फेटा बांधून बसणार नाही. बघायचं ते हे की डायनिंग हॉल, दवाखान्याची खोली, क्लब हाऊस कुठल्या फेजमध्ये आहेत आणि त्यांची तारीख काय. बऱ्याच ठिकाणी फ्लॅट पहिल्या फेजला आणि डायनिंग हॉल दुसऱ्या फेजला, म्हणजे तुम्ही राहायला गेलात तरी डबा बाहेरूनच. कर्नाटकातली स्कीम असेल तर के-रेराच्या (बिल्डरांच्या स्कीमवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर आणि महाराष्ट्रातली असेल तर महारेरावर रजिस्ट्रेशन नंबर टाकून बघा, मंजूर प्लॅन, पूर्ण करायची तारीख, कोर्टकचेरी सगळं तिथं दिसतं. रेरा कायदा 2016 चा, आणि त्यात स्पष्ट आहे की रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट केल्याशिवाय बिल्डरला 10% पेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. तरी लोक "ऑफर रविवारपर्यंतच आहे" ऐकून 25% चा चेक फाडून मोकळे होतात.

अजून एक, सेवा देणार कोण? बिल्डर स्वतः, की बाहेरची कंपनी? केंद्र सरकारने 2019 मध्ये रिटायरमेंट होमसाठी मॉडेल गाइडलाइन्स काढल्या, त्यात बिल्डर, सेवा देणारी संस्था आणि घर घेणारा अशा तिघांच्या कराराची कल्पना आहे. गाइडलाइन्सच आहेत त्या, सगळीकडे सक्ती नाही, पण तुम्ही मागू शकता की. तसा करार दाखवायला बिल्डर टाळाटाळ करत असेल तर काय समजायचं ते समजा.

आणि वयाचा हिशोब कुणी करतच नाही. 69 व्या वर्षी बुकिंग, 3 वर्षांनी पझेशन, त्यात एखाद दीड वर्ष उशीर, म्हणजे 73 उजाडलं. जुनं घर विकून त्याच पैशात नवीन घेत असाल तर टॅक्सचंपण घड्याळ चालू असतं: कॅपिटल गेनवरचा (घर विकून झालेल्या नफ्यावरचा) टॅक्स वाचवायचा तर तयार घर विक्रीच्या 1 वर्ष आधी किंवा नंतरच्या 2 वर्षांत घ्यावं लागतं, बांधून घ्यायचं तर 3 वर्षांत, आणि रिटर्न भरायच्या मुदतीआधी उरलेली रक्कम बँकेत कॅपिटल गेन अकाऊंटला टाकावी लागते. बिल्डर रखडला की हे सगळं डोक्यावर येतं. सीएला घर विकल्यावर नाही, विकायच्या आधी भेटा.

रिसेल म्हणजे स्वस्त, असं धरून चालणं

हे सरसकट खरं नाही, कर्नाटकात तर नाहीच. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, साधारण 5%, आणि 45 लाखांपर्यंतचं, कार्पेट (घराच्या आतलं वापराचं क्षेत्रफळ) 90 चौरस मीटरपर्यंतचं घर असेल तर 1% (बेंगळुरूसारख्या मेट्रोत ही मर्यादा 60 चौरस मीटर). रिसेलला जीएसटी नाही, म्हणून लोक खूश. पण स्टॅम्प ड्युटी बघा: कर्नाटकात नवीन फ्लॅटच्या पहिल्या विक्रीला 45 लाखांपर्यंत 3% हा सवलतीचा दर आहे आणि रिसेलला सरळ 5%, वर सेस आणि सरचार्ज. आता 40 लाखांचा फ्लॅट धरा. नवीनला ड्युटी 1,20,000 आणि जीएसटी 40,000, मिळून 1,60,000. रिसेलला नुसती ड्युटीच 2,00,000. झाला की उलटा हिशोब! 60 लाखांवर गेलात तर मात्र दोघांना ड्युटी 5% आणि नवीनला वर 3 लाख जीएसटी, तिथं रिसेल जिंकतं. ओसी (राहायला परवानगी देणारा दाखला) आलेलं तयार नवीन घर मिळालं तर जीएसटी नाहीच, ते सगळ्यात बरं.

रजिस्ट्रेशन फी कर्नाटकात 2025 च्या ऑगस्टअखेर 1% ची 2% झाली. महाराष्ट्रात हीच फी जास्तीत जास्त 30,000 वर थांबते. दोन्ही राज्यांत घरं बघणाऱ्या आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांनी हे दोन तक्ते शेजारी ठेवूनच तुलना करावी.

रिसेलमध्ये वरून अजून खर्च निघतात ते वेगळेच. वसाहतीची ट्रान्सफर फी, नवीन डिपॉझिट (आधीच्या मालकाचं डिपॉझिट त्याला परत जातं, तुमच्या नावावर येत नाही, हे शेवटच्या दिवशी कळतं), थकलेला मेंटेनन्स, बाथरूम दुरुस्ती. महिन्याचा मेंटेनन्स 7,500 च्या वर गेला तर त्यावर 18% जीएसटीपण लागू शकतो. मागच्या 3 वर्षांत मेंटेनन्स किती वाढला त्याच्या पावत्या मागा, तोंडी आकडा नको.

विकणारा कोण आहे हे न बघणं

साध्या सोसायटीत घर विकणारा बहुतेक वेळा स्वतः मालक असतो. ज्येष्ठांच्या वसाहतीत मात्र आजी-आजोबा गेल्यावर घर विकायला काढतात ती वारस मंडळी. एक मुलगा अमेरिकेत, मुलगी हुबळीला, दुसरी कोल्हापूरला, आणि चावी तिथल्या मॅनेजरकडं.

"काका, किंमत एकदम वाजवी आहे, आजच टोकन द्या."
"सही कोण करणार?"
"मोठा मुलगा करतोय की, तोच बघतोय सगळं."
"आणि दोघी बहिणी?"
"त्यांचं काय, त्यांना काय नको आहे..."

इथं थांबायचं. मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, आणि "नको आहे" हे तोंडी चालत नाही, रिलीज डीड (हक्कसोडपत्र) रजिस्टर झालेलं पाहिजे नाहीतर विक्रीखतावर सगळ्यांच्या सह्या. मृत्युपत्र आहे म्हणाले तर ते वकिलाला दाखवा. परदेशातल्या मुलाची पॉवर ऑफ ॲटर्नी असेल तर ती तिथल्या भारतीय दूतावासातून किंवा अपोस्टील (तिथल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का) होऊन आलेली आहे का आणि इथं आल्यावर स्टॅम्प झालीय का, ते बघा. आणि एक मोठा खड्डा: किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना तुम्ही 1% टीडीएस कापून भरायचा असतो, पण विकणारा एनआरआय असेल तर दर बराच जास्त असतो आणि 50 लाखांची मर्यादाच नसते. कापला नाही तर नोटीस तुम्हाला येते, त्याला नाही.

कन्नड कागद न वाचता सही करणं

आपल्यातल्या कितीतरी लोकांना कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही. आणि उतारा, ई-खाता (मालमत्तेची ऑनलाइन नोंद), ईसी (मालमत्तेवरचे व्यवहार आणि बोजा दाखवणारा दाखला) सगळं कन्नडमध्ये. मोबाइलवर फोटो काढून ॲपमध्ये भाषांतर केलं की गट नंबर सोडून बाकी काहीही निघतंय. वकिलाला सांगून प्रत्येक कागदाचा मराठीत सारांश लिहून घ्या, त्याची फी वेगळी द्या, पण घ्या. ईसी कर्नाटक नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर मिळते. बोजा नाही तर फॉर्म 16 येतो, व्यवहार असतील तर फॉर्म 15, आणि त्यात कर्जाची नोंद दिसली तर बँकेचं कर्जमुक्तीचं पत्र मागा. 30 वर्षांची ईसी घ्यावी, जुन्या नोंदीसाठी सब-रजिस्ट्रार ऑफिसला जाऊन अर्ज करावा लागतो.

शहराबाहेर, पंचायत हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचे (पंचायतीतल्या मालमत्तेचे कागद देणारी ऑनलाइन पद्धत) फॉर्म 9 आणि 11 बघा. 11-बी दिसला तर वकिलाला विचारल्याशिवाय टोकन नको. जमीन एनए (बिगरशेती) झालीय का, लेआउट बुडाने (बेळगावचं नगरविकास प्राधिकरण) मंजूर केलाय का, हे तर हवंच. कॅम्पात कुणी जुना बंगला किंवा त्यातला भाग "शांत, झाडी आहे, ज्येष्ठांसाठी बेस्ट" म्हणून दाखवत असेल तर जपून, कँटोन्मेंटमध्ये बरीच जागा ओल्ड ग्रँटची असते, म्हणजे जमिनीची मालकी संरक्षण खात्याची, आणि विकणाऱ्याकडं काय आहे ते नीट तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका.

मे महिन्यात घर बघणं

आपल्याकडचा पाऊस कसा असतोय सांगायला नको. रिसेल घर जुलैत बघा. कपाटं भिंतीपासून सरकवायला सांगा, मागचा रंग फुगलाय का हात लावून बघा, खिडकीच्या खालचा कोपरा, बाथरूमच्या पलीकडची भिंत. पूर्वेकडं काळ्या मातीत बांधलेलं असेल तर दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय का बघा, पाया हलला की ती पहिल्यांदा तिथं दिसते. नाल्याकाठचा लेआउट असेल तर 2019 च्या ऑगस्टात पाणी कुठवर आलं होतं हे शेजारच्या किराणा दुकानात विचारा, ब्रोशरमध्ये ते लिहीत नाहीत. बिल्डरचा भेगांवरचा 5 वर्षांचा दोषदुरुस्तीचा हक्क रेरात आहे, तो पझेशनच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे 3 वर्षं जुनं रिसेल घेतलंत तरी 2 वर्षं हातात असतात. पझेशन लेटरची झेरॉक्स म्हणून घ्यायचीच.

टेप सोबत न्या. 2024 मध्ये महारेराने ज्येष्ठांच्या घरांसाठी जे नियम काढले त्यात दाराची रुंदी किमान 900 मिमी, म्हणजे व्हीलचेअर आरामात जाते. कर्नाटकात तो नियम लागत नाही, पण माप म्हणून वापरायला काय हरकत? लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसतंय का हे मॅनेजरला विचारू नका, स्वतः मोजा. बाथरूमचा उंबरा, कमोडशेजारी हँडल लावायला भिंत आहे की नुसतं जिप्सम बोर्ड, स्विच वाकल्याशिवाय लागतात का. आणि जेवायला रविवारी जाऊ नका, रविवारी पाहुणे असतात म्हणून बासुंदी असते. मंगळवारी संध्याकाळी जावा, त्या आजींच्या टेबलावर बसा ज्या 5 वर्षं तिथं राहतात, आणि रात्री बेल वाजवली तर माणूस किती वेळानं येतो एवढंच विचारा. नवीन स्कीममध्ये ही सोय नाही, म्हणून त्याच बिल्डरची किंवा त्याच सेवा कंपनीची जुनी वसाहत कुठं आहे ते शोधून तिथं जाऊन जेवा.

बाहेर पडायची वाट न विचारणं

नवीन असो की रिसेल, घर पुढं कुणाला आणि कसं विकता येतं हे करारात शोधा. खरेदीखत होणार आहे की लाइफटाइम लीज? लीज असेल तर डिपॉझिट किती टक्के परत, किती दिवसांत? वयाची अट 55 असेल किंवा 60, तर तुमची 52 वर्षांची बायको तुमच्या माघारी तिथं राहू शकते का? वारस मुलगा फक्त मालक राहतो की राहायलापण येऊ शकतो? विकायचं झालं तर ग्राहक तुम्ही आणायचा की कंपनीच आणणार, आणि कंपनीनं आणला तर किती कापणार? रात्रंदिवस बाई ठेवायची वेळ आली तर ती तुमच्याच घरात झोपू शकते का? आणि अंथरुणाला खिळलो तर ठेवून घेतात की दुसरीकडं जा म्हणतात? जमलं तर घर नवरा-बायको दोघांच्या नावावर घ्या, "मुलाच्या नावावर टाकू, त्रास कमी" असं कुणी म्हणालं तर आधी वकिलाला विचारा. आणि वरच्या प्रश्नांपैकी ज्याचं उत्तर "होतंय की काका, बघून घेऊ" असं येईल ते करारात कलम म्हणून लिहून मागा, टोकनचा चेक त्यानंतर.