आत्यांची पिशवी: स्टोमा सांभाळताना

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांच्या पोटावर डाव्या अंगाला आता शौचाची वाट आहे. कॅन्सर गुदाशयात अगदी खाली होता. परळच्या टाटात आधी रेडिएशन आणि केमोच्या गोळ्या झाल्या, मग ऑपरेशन. त्यात खालची वाट कायमची बंद करून मोठ्या आतड्याचं टोक पोटावर काढलं. त्याला स्टोमा म्हणतात आणि त्यावर पिशवी लावतात. त्याआधी सहा महिने आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून मलम दिलं होतं, तो राग वेगळाच. शौचातून रक्त जात असेल तर डॉक्टरांनी गुदद्वारात बोट घालून तपासल्याशिवाय कुणाचंही मलम घेऊ नका, एवढंच त्याबद्दल सांगते.

पिशवीची तयारी ऑपरेशनच्या आधीच सुरू होते. स्टोमा कुठे काढायचा याची पोटावर पेनाने खूण करतात. आत्या कायम नऊवारी नेसतात. सिस्टरनी त्यांना बसवलं, वाकवलं, उभं केलं आणि विचारलं, "निऱ्या कुठे खोचता?" आत्या गाऊनवर होत्या, त्यांनी हवेतच हात फिरवला. मग सिस्टरनी लुगडं नेसून यायला सांगितलं. पहिली खूण बरोबर कमरेच्या गाठीखाली येत होती, ती दोन बोटं वर सरकवली. म्हणून खूण करायच्या दिवशी रोजचे कपडे घालून जा. पुरुषांनी नाडा किंवा पट्टा कुठे येतो ते दाखवावं. खूण पेशंटला स्वतःला मान वाकवून दिसली पाहिजे, पोटाच्या वळीत लपता कामा नये.

वॉर्डात पहिल्या दोन वेळा सिस्टर पिशवी बदलत होत्या आणि मी नुसती बघत होते. तिसऱ्या वेळी त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. हात थरथरत होते, पण डिस्चार्जच्या आधी शिकले ते बरं झालं. घरी आल्यावर विचारायला कुणी नसतं.

आम्ही बदलतो सकाळी, चहाच्या आधी. पोटात काही गेलं की आतडं हलायला लागतं. जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे, कोमट पाणी, कात्री, मापाचं कार्ड, नवीन फ्लँज आणि पिशवी आधीच जवळ मांडून ठेवायची. फ्लँज म्हणजे कातडीला चिकटणारी चकती. जुनी चकती वरून खाली हळूहळू सोडवायची, दुसऱ्या हाताने कातडी दाबून धरायची. ओढायची नाही. मग नुसत्या पाण्याने पुसून कातडी पूर्ण कोरडी करायची.

तेल, पावडर, क्रीम काही लावायचं नाही. मी ही चूक केली आहे. कातडी लाल दिसली म्हणून प्रेमाने खोबरेल लावलं आणि आम्ही तपासणीला एसटीने निघालो. खंबाटकी घाटात आत्या कानाशी म्हणाल्या, "अगं, काईतरी वलं लागतंय." तेलावर चकती टिकलीच नव्हती. पुढचा प्रवास कसा झाला ते विचारू नका.

ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे सूज उतरत जाते आणि स्टोमा लहान होतो, म्हणून तेवढे दिवस दर वेळी माप घ्या. आमचा ३८ मिलिमीटरवरून ३० वर आला. चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं कापायचं. जास्त मोठं झालं तर शी कातडीला लागून आग होते, लहान झालं तर कड घासते. चकती आधी दोन तळहातांत धरून गरम करा आणि लावल्यावर दोन मिनिटं वर हात ठेवा. मग पिशवी अडकवून हलकेच ओढून बघा. पिशवी अर्धी भरायच्या आतच रिकामी करायची. भरलेली पिशवी जड होते आणि चकतीला ओढते.

स्टोमाचा रंग ओठाच्या आतल्या बाजूसारखा, लाल-गुलाबी आणि ओलसर असतो. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका आला तर घाबरू नका. स्टोमाला हात लावल्याचं पेशंटला कळतही नाही. पण रंग जांभळा-काळा झाला, किंवा पोटात कळा, उलट्या आणि पिशवीत काहीच नाही असं झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. केमो चालू असताना ताप १०० च्या वर गेला तरीही लगेच फोन करायचा.

खाण्याचं फार पथ्य नाही. पावटा, कोबी, मुळ्याने गॅस होतो, पिशवी फुगते. लग्नाला जायचं असेल तर आदल्या दिवशी आत्या ते टाळतात. ताकाने वास कमी होतो हा आमचा अनुभव. ज्यांचा स्टोमा लहान आतड्याचा आहे त्यांचं मात्र वेगळं असतं. त्यांचं शौच पातळ असतं, अंगातलं मीठ-पाणी झपाट्याने जातं, त्यामुळे ओआरएस किती आणि कधी घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. हंडा-कळशी उचलणं बंद, नाहीतर स्टोमाशेजारी हर्निया होऊ शकतो. बसायला मऊ उशी द्या, मधे भोक असलेली रिंग नको. तिने खालची जखम ताणली जाते.

पैशांचं थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला गाठा, चौकशीचा नंबर १५५३८८. उपचाराला जाताना रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. जागेची चौकशी आधीच करा.

मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे. पिशवी लावून जगणारी माणसं तिथे भेटतात. माझ्या शंभर बोलण्यांनी झालं नव्हतं ते अशाच एका बाईंशी अर्धा तास बोलून झालं. घरी आल्यावर आत्यांनी मला खोलीबाहेर काढलं आणि आतून कडी लावून पिशवी स्वतः बदलली.

आता सगळं त्याच करतात. मोतीबिंदूमुळे मापाची रेघ दिसत नाही, म्हणून कापायचं तेवढं माझ्याकडे. रविवारी दोन चकत्या कापून मी त्यांच्या बटव्यात ठेवते. त्यातली एक एसटीसाठी.