सीमा उघडली म्हणून लगेच निघू नका: स्वतंत्र प्रवाशांनी टाळायच्या चुका

सीमा उघडल्याच्या बातमीतला फोटो ठरलेला असतो. कापलेली फीत, हारतुरे, दोन्हीकडचे अधिकारी हसून हात मिळवताना. एकट्याने फिरणाऱ्याच्या कामाची गोष्ट मात्र त्या फोटोत येत नाही. फाटकाच्या अलीकडे एका सरकारची खिडकी असते, पलीकडे दुसऱ्याची, आणि या खिडकीतल्या माणसाला त्या खिडकीतले नियम माहीत असतीलच असं नाही. टूर कंपनीच्या गटासाठी कोणीतरी आधी फोन करून ठेवलेला असतो, तुमच्यासाठी कोणी केलेला नसतो. म्हणून नव्या सीमेवर माणूस अडकतो तो बहुधा दुसऱ्या खिडकीपाशी. पहिलीने देश सोडल्याचा शिक्का मारून दिलेला, दुसरी आत घ्यायला तयार नाही, आणि मागे फिरावं तर सिंगल एंट्रीचा, म्हणजे एकदाच आत येऊ देणारा, व्हिसा शिक्क्याबरोबरच संपलेला.

खालच्या बहुतेक चुका याच पेचात नेऊन सोडतात.

घोषणा ऐकून बॅग भरणं

आर्मेनिया आणि तुर्कस्तान यांच्यातली सीमा १९९३ मध्ये बंद झाली. जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांनी जाहीर केलं, की तिसऱ्या देशांच्या नागरिकांसाठी ती लवकरात लवकर उघडायची. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या भूकंपग्रस्तांच्या मदतीचे ट्रक सीमेवरच्या मार्गाराच्या पुलावरून गेलेसुद्धा. पण २०२४ संपलं तरी पर्यटक बाहेरच. करार, घोषणा, उद्घाटन आणि प्रत्यक्ष ये-जा या चार निरनिराळ्या तारखा असतात, आणि बातम्या सहसा पहिल्या तिघींच्याच येतात.

याच्या उलटही घडतं. इथिओपिया आणि इरिट्रियाची सीमा ११ सप्टेंबर २०१८ रोजी वाजतगाजत उघडली. ताटातूट झालेली कुटुंबं वीस वर्षांनी भेटली, लोक कागदपत्रांशिवाय ये-जा करू लागले. डिसेंबर सरता सरता झालांबेसाचा नाका पुन्हा बंद झाला आणि पुढच्या काही महिन्यांत बाकीचेही मिटले. पलीकडे गेलेल्याला परतीचा रस्ताच उरला नाही.

त्यामुळे ‘मागच्या वर्षी गेलो होतो, काही त्रास झाला नाही’ या अनुभवाला इथे किंमत नाही. मागच्या दोन-तीन आठवड्यांत, तुमच्यासारखाच तिसऱ्या देशाचा पासपोर्ट घेऊन, त्याच दिशेने गेलेला माणूस शोधा. दिशासुद्धा महत्त्वाची, कारण येणाऱ्याला लागणारे कागद आणि जाणाऱ्याला लागणारे कागद सारखे नसतात.

कोणासाठी उघडली हे न विचारणं

माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, आणि फसवणारं कोणी नसतं. शेअर टॅक्सीचा ड्रायव्हर सांगतो, ‘मी रोज जातो.’ तो खरंच जातो. पण तो सीमेवरच्या गावचा, त्याच्याकडे स्थानिकांचा पास. काही नाके फक्त मालवाहतुकीचे असतात, काही फक्त त्या दोन देशांच्या नागरिकांचे, काही फक्त यात्रेकरूंचे. भारतातून पाकिस्तानातल्या गुरुद्वाऱ्याकडे जाणारी, नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली आणि मे २०२५ मध्ये भारताने बंद केलेली कर्तारपूर मार्गिका घ्या: सकाळी जायचं, संध्याकाळी त्याच वाटेने परतायचं. तिला सीमा उघडणं म्हणता येईल, पण तिथून पुढे लाहोरला जाता येत नव्हतं.

नेपाळ आणि तिबेट यांच्यातला रसुवागढीचा नाका २०१७ मध्ये परदेशी प्रवाशांसाठी खुला झाला, तेव्हाही ‘खुला’ म्हणजे ठरलेल्या एजन्सीमार्फत, ग्रुप व्हिसा आणि तिबेटचं परमिट घेऊन. एकटं जाऊन खिडकीपाशी उभं राहणाऱ्यासाठी तो तेव्हाही बंदच होता. किर्गिझस्तान आणि चीनमधल्या तोरुगार्त खिंडीत चिनी बाजूची गाडी आधी ठरवलेली नसेल तर पुढे सोडत नाहीत.

म्हणून दूतावासाला ‘सीमा उघडी आहे का?’ एवढंच विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’ असंच येईल. विचारा असं: ‘मी अमुक देशाचा नागरिक, अमुक प्रकारच्या व्हिसावर, अमुक नाक्यावरून, पायी किंवा बसने आत येऊ शकतो का?’ हा प्रश्न दोन्ही देशांच्या दूतावासांना ईमेलने पाठवा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा. फोनवरचं ‘येस, येस, नो प्रॉब्लेम’ खिडकीपाशी दाखवता येत नाही.

ई-व्हिसा आला म्हणजे झालं असं समजणं

ई-व्हिसा देणारं खातं वेगळं, सीमेवर बसणारं वेगळं. बऱ्याच देशांचा ई-व्हिसा ठरावीक प्रवेशद्वारांवरच चालतो आणि नवा नाका त्या यादीत यायला वेळ लागतो. व्हिएतनामच्या अर्जात तर कुठून आत येणार आणि कुठून बाहेर पडणार हे आधीच निवडावं लागतं. अझरबैजानचं उदाहरण याहून डोळे उघडणारं आहे. मार्च २०२० मध्ये त्यांनी जमिनीवरच्या सीमा प्रवाशांसाठी बंद केल्या आणि पुढे वर्षानुवर्षं मुदत वाढवत नेली, पण ई-व्हिसा मिळत राहिला. व्हिसा खरा, मुदत खरी, फक्त विमानानेच या.

यादी तपासताना आणखी एक खोडा येतो. एकाच नाक्याला दोन्ही बाजूंनी दोन नावं असतात आणि प्रत्येक देशाच्या यादीत फक्त त्याच्या बाजूचं गाव असतं. समरकंद आणि पंजाकेंत यांच्यामधला, २०१० मध्ये बंद होऊन मार्च २०१८ मध्ये पुन्हा उघडलेला नाका उझबेक बाजूने जारतेपा आहे आणि ताजिक बाजूने साराझम. जॉर्डन-सीरियाचा एकीकडून जाबेर, दुसरीकडून नसीब. मणिपूरमधलं मोरे म्यानमारच्या यादीत शोधाल तर सापडणार नाही, तिथे तामू बघायचं. नाव दिसलं नाही म्हणून बेत रद्द करणारे जसे असतात, तसेच भलत्याच नाक्याचं नाव बघून निर्धास्त होणारेही असतात.

नाका यादीत नसेल आणि अधिकारी ‘चालेल’ म्हणत असतील, तर त्या शब्दावर जाऊ नका. दूतावासातून पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा घ्या. वेळ जातो, पण असा व्हिसा पासपोर्टातच असतो.

शिक्का आधी, चौकशी नंतर

देश सोडल्याचा शिक्का पडेपर्यंत सगळं परत फिरवता येतं. पडल्यावर फारसं हातात उरत नाही. त्यामुळे पासपोर्ट खिडकीतून आत सरकवण्याआधी पुढच्या देशाच्या व्हिसाचं पान उघडून अधिकाऱ्यासमोर धरा आणि साधं विचारा, ‘असा व्हिसा असलेले लोक पलीकडे घेतात का?’ रोज तिथे बसणाऱ्याला काल कोण परत आलं हे ठाऊक असतं. तो पानं मागेपुढे चाळत राहिला, शेजारच्याला बोलावलं, दोघं मिळून व्हिसाच्या तारखा वाचू लागले, तर पासपोर्ट परत मागून घ्या आणि बाजूला होऊन नीट चौकशी करा. रांगेतले लोक कुरकुरतील, कुरकुरू द्या.

शक्य असेल तर ज्या देशातून निघताय त्याचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा घ्या. पुढे प्रवेश नाकारला गेला तर हाच व्हिसा सोडवतो.

आणि तरीही अडकलातच, तर क्रम असा ठेवा. आधी नकाराचं कारण विचारा आणि ते लेखी मागा. दिलं नाही तर अधिकाऱ्याचं पद आणि वेळ लिहून घ्या. मग वेळ न दवडता, त्याच दिवशी, त्याच पाळीतल्या माणसांकडे परत जा. ज्याने तासाभरापूर्वी शिक्का मारला त्याला तुमचा चेहरा आठवतो, दुसऱ्या दिवशीच्या माणसाला आठवत नाही. नवा प्रवेश मागू नका, निघण्याचा शिक्का रद्द करून मागा. पुढच्या देशाने घेतलं नाही तर आधीच्या देशाने निर्गमन रद्द करणं ही सीमेवरची नेहमीची रीत आहे, शिक्क्यावर रेघ मारून नोंद होते. तेवढ्यानेही जमलं नाही तर दूतावासाचा तातडीचा नंबर. तो नंबर कागदावर लिहिलेला हवा, कारण दोन चौक्यांच्या मध्ये बऱ्याचदा कोणत्याच देशाचं नेटवर्क नसतं.

शिक्का न घेताच पुढे जाणं

नव्या चौकीवर कधी यंत्रणा बसलेली नसते, नोंद वहीत होते आणि हसतमुखाने ‘जा’ म्हणतात. जाऊ नका. प्रवेशाचा शिक्का नसेल तर देश सोडताना तुम्ही बेकायदा घुसलेले ठरता. आणि शिक्का मिळाला तर तिथेच, खिडकीसमोर उभं राहून तारीख वाचा. चुकलेली तारीख त्या मिनिटाला दुरुस्त होते, दोन आठवड्यांनी विमानतळावर होत नाही.

शिक्का सीमेवरच मिळतो असंही नाही. खुंजराब खिंडीत, ४,६९३ मीटरवर, पाकिस्तान आणि चीनची हद्द लागते, पण पाकिस्तानी इमिग्रेशन खूप खाली सोस्तला आहे आणि चिनी सोपस्कार ताश्कुर्गानला. खासगी गाडीने निघालेला, गप्पांच्या नादात, असा नाका सहज मागे टाकून जातो.

वादग्रस्त प्रदेशांचं गणित आणखी वेगळं. अल्बानियातून कोसोव्होत शिरून तिथून सर्बियात जाऊ पाहणाऱ्याला सर्बिया अडवतो, कारण त्यांच्या लेखी तुम्ही त्यांच्या हद्दीत परवानगीशिवाय आलात. जॉर्जिया आपलाच भाग मानतो त्या अबखाझियात रशियाकडून जाणं जॉर्जियाच्या कायद्याने गुन्हा आहे. अशा ठिकाणी फाटक उघडं असणं पुरेसं नसतं, आत कोणत्या बाजूने शिरलात हे पासपोर्ट पुढे कित्येक वर्षं सांगत राहतो.

अंतर आणि घड्याळ न बघणं

नकाशावर सीमा एक रेघ असते, जमिनीवर तिला रुंदी असते. पामीर महामार्गावर किझिल-आर्त खिंडीच्या, म्हणजे सुमारे ४,२८० मीटर उंचीच्या, दोन्ही अंगांना किर्गिझ आणि ताजिक चौक्या आहेत, आणि त्यांच्यामध्ये वीसेक किलोमीटर ओसाड रस्ता. बस नाही. एका चौकीवर सोडणारा ड्रायव्हर दुसऱ्या चौकीपर्यंत नेईलच असं नाही, त्याच्या गाडीला पलीकडची परवानगी नसू शकते. दोन्हीकडची गाडी ठरवताना कोण कुठे सोडणार हे चौकीच्या नावानिशी ठरवा.

भारत आणि म्यानमारच्या घड्याळात एक तासाचा फरक आहे, नेपाळ आणि चीनच्या सव्वादोन तासांचा, पाकिस्तान आणि चीनच्या तीन तासांचा. इकडे दुपारची वेळ असताना तिकडे दिवसाचं काम आवरत आलेलं असतं. त्यात जेवणाची सुट्टी, शनिवार-रविवार, दोन्ही देशांचे वेगवेगळे सण. फाटक उघडताना पोहोचा, एवढा एकच उपाय आहे.

थोडक्यात आटपण्यासारखं

पैसे: नव्या नाक्यावर एटीएम नसतं असंच धरून चला. कोऱ्या, न दुमडलेल्या छोट्या डॉलरच्या नोटा ठेवा, आणि मागच्या देशाचं चलन मागच्याच देशात संपवा.

सामान: उझबेकिस्तानात ड्रोन नेता येत नाही, भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या औषधांवर मध्य आशियातलं कस्टम्स फार कडक, डॉक्टरांची चिठ्ठी मूळ पाकिटासोबत ठेवा.

स्वतःची गाडी: माणसाला परवानगी आणि गाडीला परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी. कार्ने (गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचा कस्टम्सचा दस्तऐवज) किंवा तात्पुरत्या आयातीचा कागद नव्या नाक्यावर मिळतो का, हे वेगळं विचारा.

राहिली मुदत. व्हिसाच्या शेवटच्या दिवशी नव्या सीमेवर जाऊ नका. रसुवागढीचा पूल जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला. तो मार्ग परदेशी प्रवाशांना मिळाला त्याला कारण होता २०१५ चा भूकंप, ज्याने आधीचा कोदारीचा रस्ता बंद पाडला होता. निदान पाच दिवस हातात ठेवा, दुसऱ्या नाक्याची माहिती काढून ठेवा, आणि त्या देशातून बाहेर पडणाऱ्या विमानाचं भाडं किती ते बघून तेवढे पैसे बाजूला काढा.